वाटीखालची शीर

म्हसळ्याच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या की मी गरजेपेक्षा जास्तच घेते. घरी येऊन सोलायला बसते आणि निम्म्या शेंगा तशाच राहतात, कारण दहाव्या-बाराव्या शेंगेनंतर मी म्हसळ्यात नसतेच. भात कापून झालेलं, शेतात धसकटं उभी, त्यांच्यामधून वाल पसरलेला, आणि सकाळी चादर आणखी थोडी वर ओढून घ्यावी एवढी थंडी. आमच्या किनाऱ्याला थंडी ती एवढीच पडते, पण आम्ही तिचं कौतुक फार करतो. ठेवणीतले स्वेटर बाहेर निघतात, म्हातारे कानाला मफलर बांधतात, शेताच्या बांधावर मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागते आणि गावोगाव कबड्डीची मैदानं तयार होतात.

दुखऱ्या गुडघ्याला पाऊस आधी कळतो म्हणे. माझ्या गुडघ्याला पावसाचं काही पडलेलं नाही. तो सबंध पावसाळा मुकाट्याने जिने चढतो आणि या दिवसांत मात्र कुरकुर करू लागतो. उजवा गुडघा. वाटीच्या खाली चार बोटांची उभी रेघ आहे, आता पांढुरकी झालेली. शाळेतल्या मुली विचारतात, "मॅडम, हे काय?" मी सांगते, "कबड्डी." त्यांना वाटतं, पडून लागलेलं असेल. मी इथल्या एका शाळेत खेळ शिकवते, म्हणजे मुख्यतः शिट्टी वाजवते आणि पोरांना उन्हातून सावलीत हाकलते. नोकरी चांगली आहे, गावही माणसं धरून ठेवणारं आहे, पण इथवर समुद्राचा वास येत नाही. आमच्या रेवदंड्याला बोंबील वाळत पडले की सगळा पाडा त्या वासानं भरून जायचा आणि मी नाक मुरडायचे. आता कुठे एसटीत कुणाच्या पिशवीतून तो वास आला तर मी उगाच त्या सीटजवळ जाऊन उभी राहते.

यंदा शेंगा आल्या त्याच आठवड्यात, मंगळवारी, मधल्या सुट्टीत वनिताचा फोन आला.

वनिता म्हणजे रेवदंड्यातली माझी मैत्रीण आणि आमच्या संघातली माझी जोडीदार. लग्न होऊन उरणला गेली त्याला पंधरा वर्षं झाली. सासरच्यांची पूर्वी मिठागरं होती, आता ट्रेलर आहेत. वर्षातून तीन-चार वेळा आमचं बोलणं होतं, त्यातली दोन सणाची.

"पमे, मी लंगडी झाले गो."

"काय झालं?"

"नणंदेचे पोरीची हळद होती. नाचत होते. गिरकी घेतली तं पाय तिथंच राहिला न मी फिरले."

"आवाज आला?"

"आला. एवढा डीजे वाजत होता तरी मना ऐकू आला."

तो आवाज मला माहीत आहे. बाहेरच्या कुणाला तो येत नाही. ओली काठी आतल्या आत मोडावी तसा येतो, आणि दुखण्याच्या आधी एक क्षण नुसतं आश्चर्य वाटतं. वनिताने पुढचं सांगितलं. महिना होऊन गेला, सूज उतरली, पण जिना उतरताना गुडघा सटकतो. एमआरआय झाला, लिगामेंट पार तुटलंय. डॉक्टर म्हणतात नवं बसवावं लागेल, आणि ते तुमच्याच अंगातली एखादी शीर काढून करावं लागेल. कुठली काढायची, ते तुमचं तुम्ही ठरवा, गुरुवारी येऊन सांगा.

"बोलला, मांडीचे मागची घेतली तं हे बरं, ते वाईट. वाटीखालची घेतली तं ते बरं न हे वाईट. मी बोलले, तुमीच सांगा. तं बोलतो, तुमाला गुडघ्याकडून काय काम हवंय त्यावर हाय." मग तिने सरळ विचारलं. "तुझं झालेलं हाय. तू सांग, कुठली घेऊ?"

घंटा झाली. मी म्हटलं, उद्या सांगते.

पण उद्याचं उत्तर शोधायला मला पंधरा-सोळा वर्षं मागे जावं लागलं. तसं जायला मला फारसं निमित्त लागत नाही, हेही खरं.

त्या हंगामात आमचं मैदान खाडीच्या अंगाच्या एका शेतात होतं. शेतमालकाची पोरगी आमच्या संघात होती म्हणून मिळालेलं. कापणी झाल्यावर आम्ही मुलींनीच धसकटं उपटली, ढेकळं फोडली, पाणी मारलं आणि आठ दिवस धुमसाने जमीन चोपली. धुमस म्हणजे दांड्याला बसवलेला लाकडाचा ठोकळा, तो उचलून आपटताना पहिल्या दिवशी हात भरून येतात आणि चौथ्या दिवशी गाणी सुचायला लागतात. शेवटी चुन्याच्या रेषा मारल्या. कोवळ्या उन्हात ती ओली तपकिरी जमीन आणि त्यावर पांढऱ्या सरळ रेषा. मी पुढे मॅटवरचे सामने पाहिले, मोठ्या गावांतली स्टेडियमं पाहिली, पण इतकं देखणं मैदान मला परत दिसलं नाही.

मी उजवा कोपरा खेळायचे आणि वनिता माझ्या शेजारी, डाव्या हाताला. कबड्डीत कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. चढाई करणारी पोर आत आली की दोघींनी एका पावलाने पुढे, एका पावलाने मागे. हात सुटता कामा नये आणि आवळूनही चालत नाही. वनिताचा तळवा कायम कोमट आणि जरासा खरखरीत असायचा, कारण सकाळी ती जाळी साफ करून आलेली असायची. मला डोळ्यांनी चढाईवाली दिसत असे आणि पुढे काय करायचं ते वनिताच्या हातातून कळत असे. तिनं बोटं किंचित सैल केली की मी खाली झेपावायचे, गुडघा टेकून घोटा धरायचे, आणि ती वरून अंग टाकायची. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. इतकं दुसऱ्या माणसाचं मन मला पुढे कुणाच्याच बाबतीत कळलं नाही, घरच्या माणसांच्याही नाही.

जानेवारीतल्या एका सामन्यात ती बोटं सैल झाली, मी झेपावले, घोटा धरला. ती पोर जोराची होती. तिनं मला फिरवलं. माझं पाऊल मातीत रुतलेलं राहिलं, आणि तो आवाज आला. वनिताला तो ऐकू आला नसणार, पण तिनं पकड सोडून आधी मला धरलं. एक गुण गेला म्हणून कुणीतरी ओरडलं. ते ओरडणं मला अजून आठवतं, कारण मलाही पहिल्यांदा तोच राग आला होता.

पनवेलच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर बाबा आले. बाबांनी त्याच वर्षी कंबरेपायी दर्यात जाणं सोडलं होतं आणि घरापुढे बसून ते दुसऱ्यांच्या होड्यांचे दोर आणि जाळी नीट करून द्यायचे. डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा गुडघा होता. बाबांनी तो न विचारता उचलला, वाकवला, आतल्या पट्ट्या बोटाने ओढून पाहिल्या. डॉक्टर 'टेंडन' म्हणत होते, बाबा 'शीर' म्हणत होते, आणि थोड्या वेळाने डॉक्टरही शीर म्हणू लागले.

"मांडीच्या मागच्या दोन बारीक शिरा काढायच्या," डॉक्टर सांगत होते, "आणि दुमडून चार पदरी करायच्या."

"चार पदरी व्हय? मग चांगला दोर झाला," बाबा म्हणाले. "न बांधता कशी?"

"हाडात भोक पाडून आत ओवतो आणि टोकाला अडकवतो. हळूहळू ती हाडाला धरते."

"न दुसरी?"

"दुसरी वाटीखालची. रुंद पट्टी असते, तिचा मधला भाग घ्यायचा. दोन्ही टोकांना हाडाचा एकेक तुकडा ठेवूनच काढतो. मग हाडाला हाड सांधतं."

"म्हंजे गाठ न्हाय."

"गाठ नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "ही घे पोरी. मी एवढे दोर बघले, मधी तुटलेले थोडे. गाठीत सुटलेलेच जास्ती."

झालं, बाबांच्या लेखी निकाल लागला होता. पण दोर जिथून कापतात तिथे काय होतं, हेही त्यांना माहीत असणारच. त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी लपवलं नाही. मांडीमागची काढली तर पाय मागे ओढण्याची ताकद थोडी कमी होते आणि कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलीला तीच लागते. वाटीखालची काढली तर पुढची जागा नाजूक होते, जमिनीवर गुडघा टेकताना दुखतं, काहींना कायमचं. मग सहज म्हणून त्यांनी तिसरीही सांगितली. मेलेल्या माणसाची दान केलेली शीर मिळू शकते, पण खेळणाऱ्या तरुण मुलीला ते ती सुचवणार नव्हते.

बाबांनी प्लास्टिकचा गुडघा खाली ठेवला. "मेलेल्याची चालते?"

"चालते."

"मग जित्याची का न्हाय? माझे पायाची काढा ना. मी आता दर्यात कुठं जातंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा शर्ट ओढला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आपल्याकडे तसं करत नाहीत, नाखवा. तिची तिलाच पुरेल."

परत येताना एसटीत बाबा खिडकीकडे बघून पुटपुटत होते, "मेलेल्याची चालते." त्यांना ते लागलं होतं. तेव्हा मला त्याचं हसू आलं, कारण मला रीत आठवली नाही. आमच्यात चालत्या होडीचा दोर कुणी कापून मागत नाही. कुणाचा दोर तुटला तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचा काढून देतात, तिला आता त्याची गरज नसते म्हणून. बाबांनी स्वतःला त्या वाळूतल्या होडीच्या जागी धरलं होतं आणि डॉक्टरांनी तिचा दोर घ्यायला नकार दिला होता.

घरी आईने एकच प्रश्न विचारला. "विळीवर कशी बसशील?"

आमच्या बायका विळीवर बसतात तेव्हा एक गुडघा जमिनीला टेकलेला असतो. मासे कापायचे त्याच बैठकीत, निवडायचे त्याच बैठकीत, वाळत घालताना सरकायचं तेही तसंच. आईचं आयुष्य गुडघ्यावर चाललेलं होतं. तिच्या दृष्टीने टेकता न येणारा गुडघा म्हणजे चाक नसलेली हातगाडी.

"मागची घे म्हंजे बसता येल," ती म्हणाली. "तुना काय आयुष्यभर लोकांचे घोटे धरायचे हायत?"

"हो," मी म्हटलं. "घोटेच धरायचेत. मला मासे कापायचे नाहीत."

आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ताटात कोलंबीचं कालवण वाढताना म्हणाली, "हे कुणी कापलं?" तेवढंच. मी खाली मान घालून जेवले. त्या वयात आपण माणसाला काय बोलतो ते आपल्या कानाला ऐकू येत नाही. कोलंबी मात्र मी तीनदा वाढून घेतली, हेही सांगून टाकते.

मी वाटीखालची निवडली. बाबांसारखं गाठीचं गणित माझ्या डोक्यात नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, कोपऱ्यात परत उभं राहायचं तर ही, आणि मी त्यापुढचं ऐकलंच नाही. मला एकविसावं वर्ष होतं आणि मैदानाबाहेर जग आहे यावर माझा विश्वास नव्हता.

ऑपरेशनच्या दिवसाची गोष्ट मला दोन दिवसांनी कळली, तीही तिथल्या सिस्टरकडून. मला आत नेल्यावर बाबा बाहेरच्या बाकावर बसून होते. सिस्टरने दोनदा सांगितलं, काका, चहा घेऊन या. ते उठेनात. तिसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा म्हणाले, "उपाशी पोटी या बोल्ला होता ना." तिने सांगितलं, ते मुलीला, तुम्हाला नाही. तर बाबांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. उजवा पाय साबणाने घासून लख्ख केलेला, वस्तऱ्याने केस काढलेले. "पोरीची कमी पडली तं? होडीत जादा दोर ठेवावाच लागतो," ते म्हणाले. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन झालं म्हणून सांगेपर्यंत ते तसेच, लेंग्याची एक बाजू वर करून बसून राहिले.

सिस्टर हे सांगताना हसत होती आणि मीही हसले. मग मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. ते खाटेशी स्टुलावर बसून पेरू कापत होते. एक पाय केसाळ, एक तुळतुळीत. मी तोंडावर चादर घेतली. दुखतंय का, म्हणून ते विचारत राहिले, आणि मी हो म्हणत राहिले.

उरलेला हंगाम मी अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काढला, पाय पाटावर. रोज संध्याकाळी सराव संपवून वनिता येई. मैदानाची माती तिच्या कोपरांना लागलेली असे. कोण कसं खेळलं, कोणी रेषेबाहेर पाऊल टाकलं, नवी कोपरेवाली कशी घाबरते, सगळं सांगे आणि सांगता सांगता माझ्या मांडीचा तो मरगळलेला स्नायू आवळायला लावी. "आवळ. धर. दहा मोज. सोडू नको. सोडलास तं बघ." शीर पक्की व्हायला नऊ महिने, नीट खेळायला वर्ष. आम्ही बोटांवर मोजलं. पुढच्या वालाच्या हंगामाला मी उभी.

हंगामाच्या शेवटी आम्ही पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, तोंडाशी पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती गवताचा जाळ. सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. मला खुर्चीसकट शेतात नेलं होतं. भांबुर्डी तापली की तिचा कडवट हिरवा वास सुटतो, तो कपड्यांतून दोन दिवस जात नाही. मुली जाळाभोवती किंचाळत होत्या आणि वनिता माझ्याजवळ खाली बसून गवताची काडी मोडत होती.

"उरणची मंडळी येऊन गेली," ती म्हणाली.

"कसली मंडळी?"

"बघायला. वैशाखात धरलंय."

मला आधी कळलंच नाही की मला काय कळलं आहे. मी म्हटलं, "आणि पुढचा हंगाम?"

"तिकडं बी खेळत असतील. विचारीन." तिनं आणखी एक काडी मोडली. "तू बरी हो गो. मी यीन खेळायला."

मडकं उघडलं. शेंगा भाजून मऊ झाल्या होत्या, मीठ आणि धूर आतल्या दाण्यापर्यंत गेलेला. वनिताने मला सोलून सोलून दिल्या, जणू माझा हातच मोडला होता. तितक्या चवीची पोपटी मी त्यानंतर खाल्ली नाही. आता लोक गाड्या करून शहरातून येतात, पोपटी महोत्सव म्हणून फलक लागतात. पाला तोच असतो, शेंगा त्याच.

ती खेळायला आली नाही. सासरी नव्या सुनेने मैदानावर उतरणं जमण्यासारखं नव्हतं, पुढच्या वर्षी मोठा मुलगा पोटात होता, आणि नंतर विचारणं दोघींनीही सोडलं. मी मात्र ठरल्याप्रमाणे पुढच्या वालाला उभी राहिले. पहिल्या सामन्यात चढाईवाली आत आली, मी झेपावले आणि उजवा गुडघा जमिनीला टेकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. घोटा सुटला नाही. शीरही सुटली नाही, बाबांनी सांगितल्यासारखी. बाबा चुन्याच्या रेषेजवळ उभे होते आणि सगळे टाळ्या वाजवत असताना ते एकटेच माझ्या गुडघ्याकडे बघत होते.

पण माझ्या डाव्या हातात दुसऱ्याच मुलीचा हात होता. चांगली पोर होती, चपळ होती. तिची बोटं मला काही सांगत नसत. आवळून धरायची बिचारी, सोडायचीच नाही.

तो एक हंगाम आम्ही खेळलो. त्यानंतर संघातल्या आणखी दोघींची लग्नं झाली, एक नर्सिंगला गेली, शेत विकलं गेलं. तिथे आता उंच कुंपण आहे आणि आत बंगले, शनिवार-रविवारी दिवे लागतात. नवी शीर किती वर्षं टिकेल, हे बाबांनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. संघ किती वर्षं टिकेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शीर अजून ठणठणीत आहे. तिला जे काम सांगून बसवली ते काम तिने एका हिवाळ्यापुरतं केलं.

आणि जमिनीला टेकणं राहिलंच. विळी टेबलावर आली, फरशी लांब दांड्याच्या पोछ्याने पुसते, त्याचं काही नाही. पण सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांना ओटीवर ठेवलं होतं. सगळ्या बायका त्यांच्या पायाशी गुडघे टेकून डोकं ठेवत होत्या. मी टेकायला गेले आणि त्या दगडी फरशीवर गुडघा असा काही ठणकला की तोल जाऊन मी बाजूला हात टेकला. कुणीतरी मला उठवलं. मग मी उभ्यानेच वाकले आणि त्यांच्या उजव्या पायाला हात लावला. तेवढंच जमलं. त्या पायावर डोकं ठेवायचं राहिलं, ते मला अजून सहन होत नाही.

म्हणून बुधवारी दुपारी मी वनिताला फोन करून स्पष्ट सांगितलं, "मांडीमागची घे."

तिने कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. तुला आता कुठे खेळायचंय? घरात उठबस आहे, देवापुढे बसायचं असतं, उद्या नातवंडांमागे जमिनीवर रांगायचं असतं. मागची काढून कमी होईल ती ताकद तुला जाणवणारही नाही. टेकता येणं मोठी गोष्ट आहे. तेव्हा मला कळली नाही, आता कळते. बोलताना माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडून आई बोलते आहे, शब्दसुद्धा तिचेच. मी सदतीस वर्षांची शहाणी बाई होते आणि शहाण्या बायकांनी द्यावा तसाच सल्ला देत होते.

वनिताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. मी मैदानावर गेले, आठवीच्या मुली कबड्डी खेळत होत्या, कोपऱ्यातली जोडी हात न धरताच उभी होती. मी शिट्टी फुंकली आणि त्यांच्यावर इतकी ओरडले की एक रडायला लागली. मला कुणाचा राग आला होता ते मला ठाऊक होतं. वनिता 'बरं' म्हणाली याचा. ती कधीच लगेच बरं म्हणणाऱ्यांतली नव्हती. उरणने तिला एवढं शिकवलं असेल तर पंधरा वर्षं खरोखरच होऊन गेली होती.

गुरुवारी शाळा सुटायच्या सुमारास तिचा फोन आला. मागे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते.

"सांगितलं डॉक्टरला," ती म्हणाली. "वाटीखालची."

"वाटीखालची? अगं, मी काल काय सांगितलं तुला?"

"ऐकलं ना. सगळं ऐकलं. तू बोलत होतीस तेव्हा मना वाटलं, ही पमी न्हाय, ही तिची आये बोलते."

"पण तुला कशाला हवी ती? आयुष्यभर टेकता येणार नाही."

"डॉक्टरनं विचारलं, खेळता काय? तं हे आमचे बाजूला बसले होते, ते बोलले, न्हाय न्हाय, ती घरीच असते. मी बोलले, खेळते."

"काय?"

"खेळते बोलले. ह्यांनी माझेकडं असं बघलं, जसं काय दुसऱ्याचे बायकोसोबत येऊन बसलेत. डॉक्टर बोलला, काय खेळता? मी बोलले, कबड्डी. त्यानं लिहून घेतलं गो पमे. कागदावर लिहून घेतलं."

मला हसू येत होतं. मी म्हटलं, "आणि खेळणार कुठे तू?"

"इथंच. पस्तिशीचे पुढल्या बायकांचे सामने होतात दर वर्षी, कंटेनर यार्डाचे मागं मैदान हाय. पोरांना शाळेत सोडताना मी तिथून जायची, कधी थांबले न्हाय. वरीस लागंल बोलला गुडघ्याला. म्हंजे पुढचे वालालाच. आज येताना गाडी थांबवली न नावं देऊन आले. दोन."

"दोन कुणाची?"

"कुणाची म्हंजे? मी एकटी साखळी कशी करू?"

मी शाळेच्या पायरीवर बसले. मुली दप्तरं घेऊन घरी चालल्या होत्या, त्या थांबून बघू लागल्या, आणि मी त्यांच्यादेखत, तोंडावर हातसुद्धा न घेता, मोठ्याने रडले. पलीकडून वनिता हॉर्नच्या वरताण ओरडत होती, "रडतेस काय? वजन किती झालंय तुझं ते सांग आधी!"